तान्हेपणाची वार्ता

मूल जन्मले ही एक वार्ता आणि मूल जगणार ही दुसरी. या दोन वार्तांमध्ये महाराष्ट्रातील जुन्या कुटुंबांनी सुमारे एका वर्षाचे अंतर मानले होते, आणि त्या अंतरात आनंद कोणी, कोणत्या दिवशी, कोणाला व किती मोकळेपणाने सांगावा याचे जे संकेत पिढ्यान्‌पिढ्या घडत गेले, त्यांचा इतिहास हा आपल्या समाजेतिहासाचा एक उपेक्षित परंतु अत्यंत हृद्य भाग आहे. लढायांच्या तिथी आपण निश्चित केल्या, सनदांवरील शिक्के वाचले, दफ्तरांतील रुमाल सोडून मोडी कागदांच्या याद्या केल्या. पण ज्या घरांतून त्या लढायांवर माणसे गेली त्या घरांत बाळ पहिल्यांदा पालथे पडले तेव्हा ते कोणाच्या दृष्टीस पडले आणि ती गोष्ट आईने कोणाच्या कानावर घातली, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारला.

धर्मशास्त्राने या पहिल्या वर्षाची आखणी फार प्राचीन काळी करून ठेवली आहे. जन्मताच जातकर्म, दहाव्या किंवा बाराव्या दिवशी नामकरण, चौथ्या महिन्यात निष्क्रमण म्हणजे बाळाला घराबाहेर काढून सूर्यदर्शन घडविणे, सहाव्या महिन्यात अन्नप्राशन, आणि पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी चूडाकर्म, असा क्रम मनुस्मृतीत आहे, आणि गृह्यसूत्रांपासून निबंधग्रंथांपर्यंत त्याला जे फाटे फुटत गेले त्यांचा साक्षेपी परामर्श महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या 1941 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात घेतला आहे. या सर्व विधींचा कर्ता पिता आहे. मंत्र तो म्हणतो, मध व तूप तो चाटवितो, नाव तो ठेवतो. परंतु मराठी घरातील प्रत्यक्ष व्यवहार पाहू लागले की पिता बाजूला सरलेला दिसतो आणि त्याच्या जागी आत्या, मामा, आजी, सुईण आणि शेजारीण उभ्या राहिलेल्या दिसतात. नाव आत्या ठेवते, पहिला घास मामा भरवितो, पहिले केस मामाच्या मांडीवर उतरतात, आणि ज्यांच्या पोटी मूल आले ती दोघे या साऱ्या सोहळ्यांत जवळजवळ मुकी असतात. पहिल्या वर्षाच्या आनंदावर आईबापांचा हक्क सर्वांत शेवटी मानला जात असे, हे मला या इतिहासाचे मर्म वाटते. आणि तसे का होते, हे समजण्यासाठी बाळंतिणीच्या खोलीपासूनच आरंभ केला पाहिजे.

ही खोली बहुधा माहेरची, घरातील सर्वांत अंधारी, वारा न लागणारी. दाराशी निखाऱ्यांची शेगडी, तीवर ओवा, शेपा, वावडिंग यांची धुरी, बाजेखाली ठेवलेला विळा किंवा कोयता, आणि उंबऱ्याबाहेर दहा दिवसांचे सोयर. शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेतून निघालेला हा विटाळ अनेक अंगांनी जाचक होता, बाळंतिणीला त्याने एकटे पाडले, हे खरेच. तथापि बाहेरच्या माणसाला बाळ दिसू नये हाही त्याचा एक परिणाम होता आणि घराला तो हवासा वाटे. पाचव्या दिवशी पाचवीची आणि सहाव्या दिवशी सटवीची पूजा होई. पाटा-वरवंटा मांडून, शस्त्र ठेवून, दिवा रात्रभर तेवत ठेवून स्त्रिया जागरण करीत, कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचे दैव लिहिते अशी श्रद्धा होती. तिच्यासाठी म्हणून पूजेत कोरा कागद आणि बोरू ठेवलेला असे. ज्या घरात अक्षर ओळखणारे कोणी नसे त्या घरातही हा कागद असे, ही गोष्ट मला विशेष वाटते: लिहिणे हे ज्यांच्या वाट्याला कधी आले नाही त्यांनीही आपल्या मुलाचे पहिले टिपण लिहिले जावे अशी व्यवस्था केली होती, फक्त ते लिहिणारी देवता होती आणि तो मजकूर कोणालाही वाचता येण्यासारखा नव्हता. या रात्रीचे जागरण श्रद्धेतून आले असले तरी त्यामागची भीती अगदी ऐहिक होती. नाळ कापण्याच्या अस्वच्छ रीतीमुळे होणारा धनुर्वात नेमका पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात मुलांना गाठीत असे, आणि पाचवी-सहावीची रात्र ही त्या संकटाच्या ऐन मध्यावर येत असे.

राजघराण्यांत मात्र वार्ता दडवून ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. तेथे मुलाचा जन्म हा दौलतीचा प्रश्न असे, म्हणून तोफा डागणे, हत्तीवरून साखर वाटणे आणि जासुदांबरोबर थैल्या रवाना करणे हा शिरस्ता होता. याचे सर्वांत विलक्षण उदाहरण पुरंदर किल्ल्यावरचे आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात वध झाला तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गर्भवती होती. सखारामबापू बोकील, नाना फडणीस आदी बारभाईंच्या मंडळींनी तिला पुरंदरावर नेऊन बंदोबस्तात ठेवले, आणि 18 एप्रिल 1774 रोजी, शके 1696 च्या वैशाख शुद्ध सप्तमीस, तिला पुत्र झाला. ज्या वार्तेची पुण्यातील कारभारी, साताऱ्याचे छत्रपती, रघुनाथरावांची छावणी आणि मुंबईकर इंग्रज असे चौघेही वाट पाहत होते तशी दुसरी वार्ता अठराव्या शतकातील महाराष्ट्रात क्वचितच असेल. विरुद्ध पक्षाने मुलाच्या खरेपणाविषयीच संशय पसरविल्यामुळे या जन्माला साक्षीपुराव्याचे महत्त्व आले. चाळिसाव्या दिवशी, 28 मे रोजी, साताऱ्याहून आलेली पेशवाईची वस्त्रे त्या तान्ह्याला देण्यात आली. म्हणजे मान धरण्यापूर्वी सवाई माधवरावाच्या मस्तकी दौलतीचा भार आला, आणि तो वर्षाचा होण्यापूर्वीच, मार्च 1775 मध्ये, त्याच्या चुलत आजोबांनी सुरतेस इंग्रजांशी त्याच्या विरुद्ध तह केला. ज्या मुलाच्या उठण्याबसण्याकडे सारा मुलूख डोळे लावून बसला होता त्याला तान्हेपण असे किती लाभले असेल, याचा विचार करताना मन विषण्ण होते.

सामान्य घरी साखरेची पुडी घेऊन न्हावी किंवा घरचा गडी सासरी जाई, आणि त्याला शेला-पागोटे किंवा ऐपतीप्रमाणे बिदागी मिळे. खरी मोकळीक बाराव्या दिवशी. बारशाला पहिल्यांदा बाहेरच्या बायका बाळ पाहत, आणि तेही थेट नव्हे. पाळण्याखालून आणि पाळण्यावरून देवांची नावे घेत प्रथम वरवंटा फिरवावयाचा, तो पाळण्यात ठेवावयाचा, आणि मगच बाळाला त्यात निजवावयाचे, ही रीत कित्येक घरांत होती. वरवंट्यासारखे अचल, टणक आयुष्य बाळाला लाभावे ही भावना तिच्यात आहे असे म्हणतात. मला असेही वाटते की नियतीची पहिली नजर त्या दगडावर पडून जावी, हा हेतूही त्यात असावा. मग आत्या बाळाच्या कानात नाव सांगे, तिच्या पाठीत बायकांचे धपाटे बसत, आणि हरभऱ्याच्या घुगऱ्यांची ओंजळ प्रत्येकीच्या ओटीत पडे. या दिवशी गायिल्या जाणाऱ्या पाळण्यांची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. कृष्णाचा असो वा शिवरायांचा असो, अनेक पाळण्यांत पहिल्या दिवशी काय झाले, दुसऱ्या दिवशी काय झाले, असे करीत बाराव्या दिवसापर्यंत एकेका कडव्याने पायरी चढत जावे लागते. देवाच्या किंवा राजाच्या निमित्ताने आपल्याच घरातील बारा दिवसांची ती रोजकीर्द होती. स्वतःच्या मुलाचे कौतुक उघड करण्यास जिला संकोच होता तिने ते नंदाच्या घरचे म्हणून गावे, हा तोडगा आपल्या स्त्रियांनी काढला.

बारसे होण्याइतकेही आयुष्य सर्वांना मिळत नसे. कल्याणच्या यमुनेला, म्हणजे 31 मार्च 1865 रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांना, वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसच जगले. त्या बालिका-मातेने पुढे समुद्र ओलांडला, पेनसिल्व्हानियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात 1886 साली पदवी घेतली, आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. परदेशी वाचकांपुढे तिने तो विषय पांडित्यानेच मांडला. पण ज्या अंधाऱ्या खोलीतून तिचे मूल गेले ती खोली त्या निवडीच्या पाठीशी होती, याविषयी मला शंका नाही. 1887 च्या फेब्रुवारीत ती स्वतः गेली. त्यापूर्वीच्या वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले होते, आणि 1909 साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन निघाले, ज्यातून परिचारिका व सुइणी शिकून बाहेर पडल्या. पाचवीच्या रात्रीचे भय ओसरू लागण्याचे एक कारण या उकळलेल्या कात्रीच्या आणि धुतलेल्या हातांच्या बायका होत.

मुले जगत नसलेल्या घरात पुढच्या मुलाला धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी नावे देत, कोणी मुलाचे नाक टोचून त्याला नथू म्हणत. ही नावे हौसेची नव्हेत. या मुलाचे येथे कोणालाच काही वाटत नाही, तेव्हा त्याला नेऊ नये, अशी ती मृत्यूपुढे केलेली अर्जी होती. दृष्टीची धास्ती हीच सर्व पहिल्या वर्षाला पुरून उरलेली. गालावर काजळाची तीट, मनगटांत काळ्या मण्यांच्या मनगट्या, संध्याकाळी मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून चुलीत टाकणे, आणि कोणी बाळ अंगाने भरले असे म्हटले तर आईने चटकन विषय बदलणे. एकत्र कुटुंबात तर बापाने आपल्या वडिलांसमोर स्वतःचे मूल उचलून घेणे हेही मर्यादेला सोडून समजले जाई. चारचौघांत पुतण्याला खांद्यावर घेणारा मनुष्य आपल्या मुलाकडे दुरून पाहत असे, आणि हे त्याच्या निष्ठुरपणामुळे होते असे मानणे फार मोठा अन्याय होईल.

मग आईने बोलावे कोणाजवळ? ती जात्याजवळ बोलली. पहाटे दळताना म्हटलेल्या ओव्यांत तान्हुल्याचे जे वर्णन येते त्यात आठवड्या-महिन्यांचा सारा हिशेब आहे: पायांतल्या वाळ्यांचा रुणझुणाट, रांगताना अंगणातली धूळ माखलेले गुडघे, दुडदुडत उंबऱ्याशी येऊन अडलेले पाऊल, मामाने धाडलेले आंगडे-टोपडे. साने गुरुजींनी या ओव्या बायकांकडून मिळवून ‘स्त्री जीवन’ या संग्रहात आणल्या, आणि 1980 नंतरच्या काळात पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उभा केला. मराठी आईने स्वतःच्या मुलाविषयी स्वतः काय म्हटले हे जाणण्याचे याहून विश्वसनीय दफ्तर आपल्यापाशी नाही. त्या दळणाच्या वेळी ऐकणारी फार तर जाऊ किंवा नणंद असे, आणि तिनेही पुढची ओवी आपल्या मुलावर घालून उत्तर द्यावयाचे. दोन आयांनी आपापल्या मुलांचे कौतुक एकमेकींना सांगण्याची ती रीतसर, मान्य झालेली जागा होती.

बाळाच्या वाढीची मोजदाद घरात आणखी एका ठिकाणी होई, ती सहाणेवर. हिरडा, बेहडा, हळकुंड, जायफळ, मायफळ, वेखंड, अतिविष, मुरडशेंग, काकडशिंगी, सुंठ, खारीक, बदाम अशी गुटीची मात्रा आजी एकेक काडी धरून आईच्या दुधात किंवा पाण्यात उगाळीत असे, आणि मात्रा ठरे ती सहाणेवर दिलेल्या वेढ्यांनी. सव्वा महिन्याच्या मुलाला वेखंडाचा एक वेढा, मुरडशेंगेचा एक. मग महिन्यागणिक बदाम-खारकेचे वेढे वाढवीत न्यावयाचे, दात येताना पोट बिघडले की मायफळाचा हात जड करावयाचा, सर्दी झाली की वेखंडाचा. अमक्याचे बाळ आता किती वेढ्यांवर आले, एवढ्या प्रश्नोत्तरात दोन म्हाताऱ्या त्याचे वय, प्रकृती आणि भूक जाणून घेत. पाळण्यावर टांगलेल्या कापडी चिमण्यांच्या चिमणाळ्याकडे त्याची नजर कधी स्थिरावली, तो हुंकार कधी देऊ लागला, कुशीवर कधी वळला, हेही अशाच ओघाओघाने निघे. चरकसंहितेत मुलाची खेळणी रंगीबेरंगी, हलकी, नाद करणारी, टोक नसलेली आणि तोंडात न जाणारी असावीत असे जे सांगितले आहे, ते वाचून आमच्या बुरडांनी व सुतारांनी खुळखुळे केले नसतील. पण खुळखुळा हातात घेऊन पाहिला तर त्यातील एकही अट मोडलेली आढळत नाही. पालथे पडणे, बसणे, उंबरा ओलांडणे या प्रत्येक पायरीला काही ना काही गोड करून शेजारी वाटण्याची चाल होती. पदार्थ घरोघर निराळे. वाटी झाकून जाई आणि झाकूनच परत येई. ती का आली हे शेजारणीला सांगावे लागत नसे.

सहाव्या-आठव्या महिन्यातील उष्टावणाला मामा लागतो. चांदीच्या वाटीतील खीर तो सोन्याच्या अंगठीने बाळाच्या जिभेला लावतो. त्या वेळी बाळापुढे पुस्तक, लेखणी, नाणे, शस्त्र, वस्त्र अशा वस्तू मांडून ते कशाला हात घालते हे पाहण्याची जी प्रथा आहे ती निबंधग्रंथांतही नमूद आहे, पण कारागिरांच्या घरी तिला वेगळी खोली येई, कारण तेथे मांडलेली हातोडी किंवा कात्री ही केवळ खूण नसून उद्याची भाकरी असे. बोरन्हाणाचे तसे नाही. ते शास्त्रातले नव्हे, ऋतूतले आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या थंडीत ते होते, म्हणून एखादे बाळ त्या वेळी दोन महिन्यांचे असते आणि एखादे अकरा महिन्यांचे. काळे झबले, त्यावर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून ओतलेली बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे व तिळगूळ. खाली सांडलेला तो मेवा वेचण्यासाठी आळीतल्या पोरांची झुंबड. या दागिन्यांमागे किती श्रम असत हे आज तयार पाकिटे आणणाऱ्यांना कळणार नाही. मंद निखाऱ्यांवर परात ठेवून, खसखशीच्या किंवा तिळाच्या दाण्यांवर साखरेचा पातळ पाक चमचा-अर्धा चमचा सोडीत, बोटांच्या अग्रांनी दाणे अखंड फिरवीत राहावयाचे. पहाटेच्या कोरड्या थंडीतच त्याला काटा येतो, आभाळ आले की काटा बसतो आणि सारी परात गुळगुळीत होऊन जाते. कित्येक पहाटा बोटे पोळवून आजी जो हार करी तो बाळाच्या गळ्यात तासभर राहत असे आणि मग खाऊन टाकला जात असे.

जावळ मात्र घरात उतरवावयाचे नाही. जेजुरी, तुळजापूर, जोतिबा अशा कुलदैवताच्या ठिकाणी, किंवा गावाबाहेर शेंदूर लावलेल्या दगडांच्या सटवाईपुढे, मामाच्या मांडीवर बाळाला बसवून ते काढतात, आणि न्हाव्याला नारळ, शिधा व वस्त्र मिळते. पाचवीला घराच्या आत जी बोलावली तिचे देणे घराबाहेर जाऊन फेडावयाचे. मूल आता उघड्यावर आणण्याजोगे झाले याची ती ग्वाही होती.

तरीही एक दार शिल्लक राहत असे, देवीचे. देवी येऊन गेल्याशिवाय मूल आपले म्हणू नये ही भाषा साऱ्या देशभर होती आणि ती अतिशयोक्तीची नव्हती. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या हातावर गोस्तनदेवीची लस टोचली गेली. भारतात यशस्वी झालेली ती पहिली टोचणी, आणि तिच्या फोडातील लस पुढे इतर मुलांना देण्यात आली. एका बालकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर जाणाऱ्या या पद्धतीत ज्याला टोचले त्याला आठव्या दिवशी पुन्हा हजर करावे लागे, म्हणून आया मुलांना लपवीत, आणि जातीच्या मर्यादेने कोणाची लस कोणाला चालावी हाही तंटा होई. पुढे वासरांपासून लस निघू लागली आणि हा विरोध निवत गेला. गावोगाव हिंडणारा देवी-डॉक्टर हा सरकारचा असा मनुष्य होता की ज्याने तान्ह्या मुलाला प्रत्यक्ष हात लावला. दंडावरचे ते वाटोळे व्रण दोन-तीन पिढ्यांनी जन्मभर मिरविले, आणि 1977 साली भारत देवीमुक्त जाहीर झाल्यावर जन्मलेल्यांच्या दंडावर ते सहसा नाहीत.

या सर्व सोहळ्यांच्या कथेत ज्यांची वार्ता सांगण्याजोगी मानलीच गेली नाही त्या मुलांना वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. पुण्यातील विधवांना मूल झाले तर साखर वाटली जात नसे. विहीर जवळ असे, किंवा काळ्या पाण्याची शिक्षा. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली आपल्या घरात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले आणि गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्यावे की ठेवावे हे तुमच्या खुशीवर, अशा अर्थाच्या जाहिराती लावल्या. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी 1874 साली दत्तक घेतला. यशवंत हे त्याचे नाव. हा यशवंत वैद्यक शिकला, 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी पुण्याजवळ उघडलेल्या दवाखान्यात त्याने रोगी तपासले, आणि त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना 10 मार्च रोजी सावित्रीबाई गेल्या. पंढरपुरातही 1875 साली तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकलेल्या मुलांसाठी आश्रम निघाला. त्या वाड्यांत कोणी पाळणे बांधले, कोणी नावे ठेवली, मामाच्या जागी कोण बसले, हे तपशील थोडेच उरले आहेत. पण पाळणे बांधले गेले हे निश्चित, आणि ज्यांना बारसे नाकारले गेले त्यांची बारशी करणाऱ्यांचे स्थान या इतिहासात पेशव्यांच्या तोफांच्या आधी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वार्तेचे वाहनच बदलले. 1879 साली एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले, पुढल्याच वर्षी मनिऑर्डर सुरू झाली, आणि कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या हजारो बापांना आपल्या मुलांचे तान्हेपण या दोन कागदांच्या आधारे भोगावे लागले. पावसाळ्यात बोटी बंद. ज्येष्ठात रत्नागिरीकडे जन्मलेले मूल बापाने पहिल्यांदा पाहावे ते शिमग्याला, जेव्हा ते धरून उभे राहू लागलेले असे आणि अनोळखी मिशीवाला पाहून भोकाड पसरीत असे. मधल्या काळात गावच्या मास्तराने किंवा टपालवाल्याने लिहिलेले कार्ड यावयाचे, कोपऱ्याला कुंकू लावलेले; अशुभाचे कार्ड असले तर त्याचा कोपरा फाडलेला, म्हणजे न वाचताही कळावे. सौभाग्यवती बाळासह खुशाल आहे, बाळास दोन दात आले, उष्टावण मामाच्या घरी जाहले, झबल्यासाठी कापड धाडणे. हा मजकूर लिहिताना मास्तरांनी वाचला, पोचविताना टपालवाल्याने वाचला, आणि खानावळीत किंवा गिरणगावातील एका खोलीत राहणाऱ्या वीस-पंचवीस गाववाल्यांपुढे ज्याला वाचता येई त्याने तो मोठ्याने वाचला. आईने जे सासूसमोर उच्चारले नसते ते अशा रीतीने परक्या पुरुषांच्या तोंडून सर्वांना ऐकू गेले, आणि घरी बापापुढे मूल उचलण्यास लाजणारा तो गिरणीकामगार तेथे सगळ्यांना चहा पाजू लागला. आईबापांच्या मुकेपणाला पहिली चीर या पोस्टकार्डाने पाडली असे मी समजतो. तारेने ते साधले नाही. तार म्हटले की फोडण्याआधीच घरात रडारड सुरू होई, आणि पुढे नवजात बालकाच्या अभिनंदनाचे ठराविक मजकूर तारखात्याने छापून ठेवले तरी तारवाल्याची धास्ती, 2013 साली ती सेवा बंद होईपर्यंत, पुरती गेली नाही.

सरकारने याच काळात जन्माची दुसरी एक वार्ता लिहून घेण्यास आरंभ केला होता. कोतवालाने जन्म कळवावा आणि तो गाव नमुना 14 मध्ये चढावा, अशी तजवीज होती. ही वही चाळली तर बापाचे नाव, जात, तारीख सापडते आणि मुलाच्या रकान्यात नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारशाच्या आत नाव कोठून असणार? जातीच्या दाखल्यासाठी आज लोक पणजोबांचा शोध घेत याच वह्यांपाशी येतात आणि त्या निनावी ओळींवर अडतात. शाळेत घालताना जन्मतारीख सांगता आली नाही तर मास्तर 1 जून लिहीत, आणि त्या दिवशी जन्मलेल्या वृद्धांची संख्या महाराष्ट्रात यामुळेच अवास्तव मोठी आहे. तारखेविषयीची ही उदासीनता थोरांच्या घरीही होती. शिवछत्रपतींचा जन्म शके 1549 चा की 1551 चा हा वाद कारीच्या जेध्यांची शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रकाशात आणल्यामुळे उभा राहिला, आणि फाल्गुन वद्य तृतीया शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630, ही तारीख महाराष्ट्र शासनाने स्वीकारण्यास 2001 साल उजाडले. एका देशमुख घराण्याने चार ओळी टिपून ठेवल्या नसत्या तर हा निर्णय कशावर झाला असता?

सन 1951 मध्ये देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी सुमारे 146 वर्षाच्या आत दगावत होती. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आणि महाराष्ट्रात 16 वर आला. छायाचित्रकाराच्या दुकानात टेबलावर पालथे घातलेले, अंगावर चांदीच्या साखळीखेरीज काही नसलेले आणि मान उंच करून पाहणारे बाळ भिंतीवर लटकू लागले ते याच घसरणीच्या काळात. ज्या पालथे पडण्याची गोष्ट झाकलेल्या वाटीतून शेजारी जात होती तिची चौकट करून ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या ऐन दृष्टीसमोर ती टांगण्याचे धैर्य घराला आले. वाढदिवसाचेही तसेच झाले. जन्मतिथीला मार्कंडेयाची पूजा करून तीळ व गूळ घातलेले दूध प्यावयाचे, आईने औक्षण करावयाचे, एवढाच जुना वर्धापनविधी. त्याला बाहेरच्यांचे निमंत्रण नव्हते. प्रसूती रुग्णालयात होऊ लागली, तिथीची तारीख झाली, बाप दाराबाहेर उभा राहू लागला आणि पहिल्याने बाळ त्याच्या हातात देण्यात येऊ लागले. त्याच्या वडिलांच्या उपस्थितीत तो ते घेऊ लागला. आता पहिला दात, पहिले पाऊल, पहिला शब्द यांची वार्ता आई आणि बाप स्वतःच्या तोंडाने, त्याच दिवशी, सातासमुद्रापलीकडच्या आजीला सांगतात. आणि आजी आधी दृष्ट काढा म्हणते, मग बाळाची चौकशी करते.